आधी सलाईन, मग स्लॅब

आमच्या मानकोलीत फौजेत जाण्याची रीत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात ती आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' चिकटलं ते कायमचं. तिथल्या पोरानं भरतीचं नाव काढलं तर घरचे तारीख विचारत असतील. आमच्याकडे तेच नाव निघालं की ओटीवरून, माजघरातून, शेजारच्या गाळ्यातून एकच प्रश्न येतो: काय गरज?

प्रश्न उगाच पडलेला नाही. इथं एके काळी भातखाचरं होती. खाडीच्या अंगाला खाजण, त्यापुढं मिठागरं. मग मुंबईच्या जकातीबाहेरची, पण मुंबईच्या हाताशी असलेली ही जागा व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत भरली. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही बाजूंना भराव पडले आणि भरावांवर पत्र्याची गोदामं उभी राहिली. आज लोकांच्या दारात जी खोकी येऊन पडतात, त्यांतली कितीतरी एक रात्र आमच्या शिवारात मुक्काम करून पुढं गेलेली असतात. ज्यांनी जमिनी राखल्या त्यांना गाळ्यांचं भाडं येतं. ज्यांनी विकल्या त्यांच्याकडे पैसा आला आणि बऱ्याच जणांकडून गेलाही. पण दोघांच्याही पोरांना दारातच कामं आहेत: टेम्पो, क्रेन, जेसीबी, लोडिंगचं नाहीतर सिक्युरिटीचं कंत्राट. पोटासाठी गाव सोडायची वेळ इथं दुसऱ्यांवर येते. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, मराठवाड्यातून सुटून आलेली माणसं आमच्या चाळींत राहतात आणि आम्ही महिन्याच्या महिन्याला भाडं मोजून घेतो.

त्यामुळे बारावीच्या वर्षात माझा पुतण्या जेवताना म्हणाला, "मला आर्मीत नर्सिंग असिस्टंट व्हायचंय," तेव्हा त्याच्या आजीनं हातातला घास ताटात ठेवला. "तुना कशाचा कमी हाय रं?"

त्यानं मान खाली घालून भात कालवला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. ते ताटावर बसून सांगण्यासारखं नव्हतं.

मला ते थोडंफार ठाऊक होतं. 29 एप्रिल 2023, शनिवारची दुपार. नाक्याजवळच्या वळपाड्यात एक इमारत बसली. खाली गोदाम, वर बिऱ्हाडं. सुट्टीचा नाही, कामाचा वार. खाली माणसं राबत होती आणि वरच्या घरांत बायकापोरं होती. अग्निशमन दल आलं, ठाण्याचं आपत्ती प्रतिसाद पथक आलं, मागोमाग एनडीआरएफची नारिंगी पोशाखातली माणसं आली. सोमवारपर्यंत ढिगारा उपसणं चाललं होतं. आठ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जण मात्र जिवंत निघाला, आणि ती बातमी गावात अशी पसरली की जणू प्रत्येकाच्या घरचंच माणूस परत आलं. महाराष्ट्र दिनाचा झेंडा त्या वर्षी आमच्याकडे धुळीतच लागला.

पुतण्या तेव्हा शाळेत होता. बंदोबस्ताच्या दोरीअलीकडे तो उभा राहायचा, हाकललं की घरी यायचा आणि परत जायचा. त्यातल्याच एका रात्री त्यानं मला विचारलं होतं, "काका, माणूस आत अडकलेला असतो ना, त्याला बाहेर काढेपर्यंत त्याच्याकडे बघतं कोण?" माझं नाक्यावर औषधांचं दुकान आहे, म्हणून असले प्रश्न माझ्या वाट्याला येतात. मी म्हणालो, असतात त्यांच्यात तसली माणसं. तेवढ्यावर तो गप्प बसला. मला वाटलं, विषय संपला.

तो संपला नव्हता म्हणून आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. फौजेची भरती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धावणारी पोरं येतात. कागदावर मात्र वाटाच वाटा निघतात. सैन्यातल्या नर्सिंग असिस्टंटसाठी शास्त्र शाखेची बारावी लागते, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन. एकूण 50 टक्के आणि प्रत्येक विषयात निदान 40. वय साडेसतरा ते 23. आधी संगणकावरची सामाईक परीक्षा, मग मेळावा. तिथं 1.6 किलोमीटरची धाव, बीमवर अंग उचलणं, नऊ फुटांचा खंदक ओलांडणं आणि शेवटी डॉक्टरांची तपासणी. 2022 मध्ये असा मेळावा आमच्या शेजारी मुंब्र्याच्या मैदानावरच भरला होता. त्याच वर्षी अग्निपथ योजना आली आणि बहुतेक शिपाई भरती चार वर्षांची झाली. नर्सिंग असिस्टंटची जागा त्यातून बाहेर राहिली, ती जुन्यासारखी नियमित नोकरीची आहे. निवड झाली की लखनौ, आर्मी मेडिकल कोअरचं केंद्र. तिथं आधी रायफल, मग बँडेज. आधी शिपाई घडवतात, त्याला परिचारक नंतर करतात.

डी. फार्म. केलं तर 'सिपाही फार्मा' म्हणून 19 ते 25 या वयात जाता येतं. नौदलाला मेडिकल असिस्टंट लागतात. त्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षण ओडिशात चिल्क्याला आणि पुढचे धडे आपल्या कुलाब्याच्या 'अश्विनी' रुग्णालयात. डॉक्टर होऊन जायचं तर पुण्याचं एएफएमसी, 1948 पासूनचं, पण त्याच्या दारात नीटचा डोंगर उभा. आणि ज्या नारिंगी पोशाखानं हे सगळं सुरू केलं तिथं तर थेट भरतीच नाही. एनडीआरएफ 2006 मध्ये उभं राहिलं ते बीएसएफ, सीआरपीएफ अशा दलांमधून काही वर्षांसाठी आलेल्या जवानांवर. आपल्या बाजूची बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला असते. तिच्या शोध-बचाव पथकांत इंजिनिअर असतात, इलेक्ट्रिशियन असतात, श्वानपथक असतं आणि औषधोपचार जाणणारेही असतात. म्हणजे नारिंगी कपड्यांपर्यंतची वाट खाकीतून जाते.

कागद भरला तसं घरातलं वातावरणही भरून आलं. आमच्या घरात कुणी नाही म्हणत नाही. आमच्या घरात 'थांब' म्हणतात. माझा भाऊ म्हणाला, थांब, आधी डिग्री घे, मग पाहू. वहिनी म्हणाल्या, थांब, बहिणीचं लग्न होऊ दे. शेजारचे म्हणाले, थांब, उसाटण्याच्या अमक्याची ओळख आहे, त्याला विचारू. मी म्हणालो, थांब, डी. फार्म. कर, मग सिपाही फार्माला अर्ज करता येईल आणि नाही जमलं तर दुकान आहेच. माझ्या 'थांब'च्या पोटात माझं दुकान बसलेलं होतं, हे पोराच्या लगेच लक्षात आलं. तो नुसताच हसला.

गंमत अशी की प्रत्येकाचं बोलणं शहाणपणाचं होतं. अठराव्या वर्षी, एक इमारत पडलेली पाहून, माणसानं आयुष्य ठरवू नये असं कुणालाही वाटेल. डोळ्यांसमोर संकट घडलं की अंगात जे चढतं ते टिकेलच याचा भरवसा नसतो. पण वयाची अट कुणाच्या डिग्रीसाठी, लग्नासाठी, ओळखीसाठी थांबत नाही. आमच्याकडे थांबता थांबता पंचविशी येते, मग चौथ्या गाळ्याच्या शटरला नवा रंग येतो आणि पोरगं आत बसून भाड्याच्या पावत्या फाडू लागतं. वाईट काही होत नाही. काहीच होत नाही.

मग मी त्याला कल्याणला एका निवृत्त हवालदारांकडे घेऊन गेलो. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नोकरी झालेले, मूळचे सांगली बाजूचे, माझ्या दुकानातून रक्तदाबाच्या गोळ्या नेणारे. त्यांनी पोराला चहा दिला आणि तो कप ठेवतोय न ठेवतोय तोच त्याच्या मांडीवर एक पट्टा टाकला. रक्तस्राव थांबवायचा टूर्निके. "डोळे मीट. उजवा हात तुटलाय समज. डाव्या हातानं लाव."

पोरगं झगडलं. पट्टा पिळला, निसटला, पुन्हा पिळला. आवळायची काडी फिरवताना त्याच्या कपाळावर घाम आला. अखेर जमलं. हवालदारांनी बोटं दाबून नाडी पाहिली. "चालू आहे अजून. म्हणजे रक्त वाहतंय. आणखी आवळ." आणखी आवळलं तेव्हा पोराचा चेहरा पिळवटला. "आता घड्याळ बघ आणि वेळ लिही."

"कुठं लिहू?"

"कपाळावर. 'टी' आणि वेळ. कागद हरवतो, कपाळ हरवत नाही. पुढचा डॉक्टर आधी तेच वाचणार."

मग त्यांना वळपाड्याचं विचारलं. ते तिथं नव्हते, पण हिमकड्यांखालची आणि दरडींखालची माणसं त्यांनी काढलेली होती. आधी काय करतात, हे पोराला हवं होतं. हवालदार म्हणाले, "बाहेरचे लोक ओरडत असतात, उचला, ओढा. मदतीला आलेलं नवं पोरगंही आधी स्लॅबलाच हात घालतं. अन् माणूस तिथंच मरतो."

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्यांनी ते ज्या तऱ्हेनं सांगितलं तसं कधी कळलं नव्हतं. मांडी काही तास वजनाखाली चेपली की तिथले स्नायू मरायला लागतात. मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन जागच्या जागी साठत जातं, कारण तिथं रक्त फिरतच नाही. वजन अंगावर आहे तोवर माणूस बोलतो. पाणी मागतो, पोरांची नावं सांगतो, मोबाईल कुठं पडला विचारतो. वजन उचललं की साठलेलं सगळं एकदम रक्तात उतरतं. पोटॅशियमनं हृदय थांबतं. त्यातून निभावला तर मायोग्लोबिन मूत्रपिंड बंद पाडतं. 1941 मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, ढिगाऱ्यातून धडधाकट निघालेली माणसं काही दिवसांत का दगावतात हे बायवॉटर्स नावाच्या डॉक्टरनं नीट मांडलं. तेव्हापासून नियम असा: माणूस आत असतानाच, जिथं हात पोचेल तिथली शीर शोधायची आणि सलाईन सुरू करायचं. तेही साधं सलाईन. रिंगर लॅक्टेट नको, कारण त्यात पोटॅशियम असतं. माझ्या दुकानात दोन्ही बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात आणि गिऱ्हाईक दोन्हींना 'सलाईनची बाटली' म्हणतं.

"आधी सलाईन, मग स्लॅब," हवालदार म्हणाले. "बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हे लोक टंगळमंगळ करतायत."

परतताना आम्ही डोंबिवलीवरून, खाडीवरच्या मोठागाव पुलानं आलो. खाली उल्हास. हेच पाणी 27 जुलै 2019 ला वर वांगणी-बदलापूरच्या मध्ये रुळांवर चढलं होतं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह त्यात अडकली होती. एनडीआरएफ, नौदल, सैन्य, वायुदल सगळे धावले. प्रवाशांत नऊ गरोदर बायका होत्या. त्या दिवशी बचावाचं काम म्हणजे होड्या ओढणं, पाणी-बिस्किटं पोचवणं आणि एकेका बाईला सावकाश, हात धरून, डब्यातून उतरवणं. सिनेमात दाखवावं असं त्यात थोडंच असतं. पोराला मी हे मुद्दाम सांगितलं. हवालदारांनीही सांगून ठेवलं होतं, की या नोकरीत खांद्यावरचं ओझं आणि वाट पाहणं हेच जास्त. कोरियाच्या लढाईत गेलेल्या 60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सची गोष्ट त्यांच्या कोअरमध्ये सगळे सांगतात. लेफ्टनंट कर्नल रंगराज त्या तुकडीचे प्रमुख. 1950 च्या डिसेंबरात माघार सुरू झाली तेव्हा औषधं आणि यंत्रं न्यायला गाडीच नव्हती. एक बेवारस आगगाडी सापडली. तुकडीतल्या दोघांना इंजिन चालवता येत होतं. बाकीच्यांनी रांग लावून बादल्यांनी बॉयलर भरला आणि सगळं सामान घेऊन गाडी निघाली. त्याच क्रमांकाच्या पॅरा तुकडीनं 2023 च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानच्या भूकंपानंतर इस्केंदेरुनला रुग्णालय उभारलं. सत्तर वर्षांच्या अंतरानं तेच काम: ओझं वाहून नेणं, तंबू ठोकणं, आणि मग जखमेला हात लावणं.

पुलावर असताना मला थांबण्याचं कोडं थोडं उलगडलं. ढिगाऱ्याशी दोन माणसं थांबलेली असतात. एक दोरीअलीकडे, हात बांधून. दुसरा आत, पोटावर पडून, शिरेत सुई घालून, थेंब मोजत. दोघांचीही घड्याळं तेवढाच वेळ दाखवतात. पहिल्याच्या थांबण्यानं आतल्या माणसाच्या अंगात काही उतरत नाही. आमच्या घरातली सगळी 'थांब' दोरीअलीकडची होती, माझीही. आणि पोराची घाई? आजच अर्ज, उद्याच लखनौ, अशी ती घाई स्लॅबला हात घालणाऱ्याची होती. दोन्हींमध्ये एक जागा असते आणि तिथं बसायला दोघांनाही नको असतं, कारण तिथं रोजचं काम असतं.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं नाव असल्या वेळी आठवतंच. 1938 मध्ये चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरलं तेव्हा ते 28 चेही नव्हते. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झालेले, पुढच्या शिक्षणाची तयारी चाललेली. सोयीची म्हणावी अशी ती वेळ नव्हतीच. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, वयानं सगळ्यांत मोठे. एकाला कुणी 'अजून लवकर आहे' म्हटलं असेल, दुसऱ्याला 'आता उशीर झाला'. दोघंही एकाच जहाजानं गेले. चीनमध्ये असताना कोटणिसांना वडील गेल्याची बातमी कळली. परतले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. ते थांबले, आठव्या रूट आर्मीबरोबर जखमींची शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला, अवघ्या 32 व्या वर्षी, तिथंच गेले. लोकांना त्यांचं शेवटचं पान ठाऊक असतं, शांतारामबापूंच्या सिनेमामुळे आणखीच. मला पहिलं पान महत्त्वाचं वाटतं. हाक आली त्या दिवशी ते तयार डॉक्टर होते. वेळ त्यांनी निवडली नाही. पण वेळ आली तेव्हा हातात विद्या होती. ती आधीच्या कित्येक कंटाळवाण्या वर्षांत, वॉर्डात उभं राहून कमावलेली होती.

घरी आलो आणि जेवणं झाल्यावर पुन्हा तोच कागद पसरला. या वेळी त्याची धाकटी बहीणही येऊन बसली. तिला जीवशास्त्रात त्याच्यापेक्षा जास्त मार्क आहेत. तिनं कागद वरून खाली वाचला. "यात माझ्यासाठी काय?" सैन्यातली नर्सिंग असिस्टंटची शिपाई भरती मुलांचीच आहे. मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आहे: नीट द्यायची, सैन्याच्या नर्सिंग कॉलेजात चार वर्षांची बी. एस्सी. करायची आणि अधिकारी म्हणून, लेफ्टनंट होऊन बाहेर पडायचं. हे ऐकून तिनं भावाकडे पाहिलं. "म्हणजे तू मला सॅल्यूट करणार." एवढ्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदा सगळे मोकळे हसले. वहिनींनी तिच्या लग्नासाठी पोराला थांबवलं होतं; आता लग्नाचीच तारीख चार वर्षं पुढं सरकलेली त्यांना दिसली असणार. त्या काही बोलल्या नाहीत.

मग ठरलं ते फार मोठं नाही. बारावीचा निकाल लागेल तसा तो सामाईक परीक्षेचा अर्ज भरेल; पहिल्या फेरीत नाही जमलं तर 23 पर्यंतच्या प्रत्येक फेरीला बसेल. दरम्यान माझ्याच फळीवरचं शास्त्र शिकायला डी. फार्म.ला नाव घालेल, म्हणजे दुसरं दारही उघडं राहील. पहाटे, कंटेनरची रांग लागायच्या आत, सर्व्हिस रोडवर धावेल. प्रथमोपचाराचा रीतसर कोर्स करेल. आणि आठवड्यातून एकदा कल्याणला जाऊन हवालदारांचा पट्टा डाव्या हातानं आवळेल. वळपाड्याची आठवण फिकी झाल्यावरही हे सगळं चालू राहिलं, तर ती हौस नव्हती एवढं आम्हाला कळेल. त्यालाही कळेल.

आजीला मी ठरलेलं सांगितलं. तिचा प्रश्न तिनं सोडलेला नाही, आणि सोडूही नये. तिचं म्हणणं खरं आहे, तिच्या नातवाला कशाचीही कमी नाही. फक्त गरज कुणाची, हे आम्ही इतके दिवस आमच्याच ताटात शोधत होतो. वळपाड्यात ती स्लॅबखाली होती, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसांच्या अंगावर. ज्या गोदामांनी आमचं भागवलं, तसल्याच गोदामाच्या ढिगाऱ्याखाली ती माणसं चिरडली. घरात कमी नसलेलं एखादं पोरगं तिथवर वाकून गेलं, तर त्यात गावाचं थोडं देणं फिटेल असं मला वाटतं. हे मी आजीला अजून बोललेलो नाही.

आणि सैन्यानं त्याला घेतलंच नाही तर? तपासणीत डोळे निघतील, पाय सपाट ठरतील, दोन मार्कांनी यादी हुकेल. भरतीत जाणाऱ्यांपेक्षा परत येणारेच जास्त असतात. तेव्हा तो मानकोलीतच असेल, माझ्या दुकानात. महामार्गावर रोज काहीतरी आदळतं. गर्दी जमते, निम्मे मोबाईल वर धरतात आणि उरलेले दबलेल्या ड्रायव्हरला हाताला धरून ओढायला लागतात. त्या गर्दीत शिरून "ओढू नका" असं म्हणणारं आणि म्हटल्यावर पुढं काय करायचं हे ठाऊक असलेलं एक माणूस नाक्यावर असेल. आज तसं कुणी नाही.